औषध गावात नेताना : वर्ध्यातील कुष्ठसेवा

वर्धा जिल्ह्यात कुष्ठसेवा प्रभावी औषधाच्या आधी पोचली. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ साली दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले, तेव्हा चालमोगऱ्याच्या तेलापलीकडे हाती फारसे काही नव्हते. कुष्ठरोग झालेले परचुरेशास्त्री सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजी स्वतः त्यांना मालीश करीत.

पुढे डॅप्सोन आले. गोळी स्वस्त आणि घरी घेण्याजोगी. पण ती घ्यायची म्हणजे रोग कबूल करायचा, आणि घरात महारोग निघाला की सोयरीक मोडण्याची धास्ती. १९५१ मध्ये वर्ध्यात स्थापन झालेल्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनने डॉ. वार्डेकर यांच्या नेतृत्वाखाली ही अडचण ओळखली. रोगी दवाखान्यात येण्याची वाट न पाहता कार्यकर्ते घरोघर जात. उजेडात अंगावरचे चट्टे पाहत आणि कापसाचा बोळा टेकवून तिथली संवेदना तपासत. सर्वेक्षण, शिक्षण, उपचार असा त्यांचा क्रम होता. गोळीआधी समजावणे, हेच या पद्धतीचे मोठेपण. १९५५ च्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने ती स्वीकारली.

डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाल्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. देशात तो आधी सुरू झाला त्या जिल्ह्यांत पश्चिम बंगालमधील पुरुलियाबरोबर वर्धाही होता. मिलानच्या प्रयोगशाळेतून आलेले रिफाम्पिसीन आणि डब्लिनच्या संशोधकांनी शोधलेले क्लोफाझिमीन आता वर्ध्याच्या खेड्यांत पोचले. महिन्यातून एकदा रिफाम्पिसीनचा डोस कार्यकर्त्यासमोर गिळायचा. त्यानंतर लघवी लालसर होते. आधी सांगितले नाही, तर रोग्याला ते रक्तच वाटणार. क्लोफाझिमीनने कातडी काळपट-तांबूस पडते. औषध थांबल्यावर काही महिन्यांनी रंग ओसरतो, पण लपवलेला रोग तोवर औषधामुळेच चारचौघांत उघडा पडतो. लग्नाच्या वयाच्या मुलीला ही गोळी देणाऱ्याला मात्रेइतकेच तिच्या घरचे वातावरणही कळावे लागते.

१९९५ पासून जपानच्या निप्पॉन फाउंडेशनच्या आणि २००० पासून नोव्हार्टिस कंपनीच्या देणगीतून ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेमार्फत देशोदेशी मोफत मिळू लागली. दिवसवार मांडलेल्या पाकिटांमुळे कमी शिकलेल्यालाही हिशेब राहू लागला. २००५ अखेर देशातील प्रमाण दहा हजारांमागे एक रुग्ण याच्याही खाली आले. कुष्ठसेवा सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळल्यापासून पाकीट प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते. लाल लघवीची आणि बदलत्या रंगाची कल्पना रोग्याला तिथेच द्यावी लागते.