नारळ मिळाला की नारळ दिला?

आजचा भाग एका शब्दावर आहे, आणि आयटीत काम करणाऱ्यांना तो ऐकताना थोडं टोचेल. शब्द आहे नारळ.

सत्कारात तुम्हाला शाल आणि श्रीफळ मिळालं तर घरचे फोटो फ्रेम करतात. आणि ऑफिसात कुणी म्हणालं, "त्याला नारळ दिला," तर आपण हळूच विचारतो, "कधी? सेव्हरन्स किती?" फळ तेच, देणंही तेच, पण एकदा मान आणि एकदा हकालपट्टी. हे कसं झालं?

आधी मूळ शब्द बघू. संस्कृतात नारिकेल, नारिकेर, नालिकेर अशी बरीच रूपं सापडतात. एकाच शब्दात र आणि ल असे जागा बदलत असतील, तर तो बाहेरून आलेला असण्याची शक्यता जास्त. दक्षिणेकडच्या एखाद्या भाषेतून तो संस्कृतात आला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे त्याचा आपल्याकडे नारळ झाला, हिंदीत नारियल, आणि फारसीत नारगील. तुर्कस्तानात हुक्क्याला नार्गिले म्हणतात ना, तो हाच शब्द! हुक्क्याचं पाण्याचं भांडं करवंटीचं असायचं. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांची गुडगुडीसुद्धा नारळाचीच. म्हणजे इस्तंबूलच्या कॅफेत लोक आजही आपला नारळ ओढतायत.

मग पोर्तुगीज आले. करवंटीवरचे तीन डोळे पाहून त्यांना भुताचा चेहरा आठवला. लहान मुलांना घाबरवायला ते ज्याचं नाव घ्यायचे तो 'कोको', म्हणजे आपला बागुलबुवा. गार्सिया द ओर्टा या वैद्याचं पुस्तक 1563 साली गोव्यात छापलं गेलं. त्यातही या नावाचा संबंध त्या तीन छिद्रांशीच जोडलाय. इंग्रजीतला कोकोनट इथूनच आला. आपण मात्र त्याच तीन डोळ्यांत शंकर पाहिला, वरच्या काथ्याला शेंडी म्हटलं, आणि पूजेचा नारळ सोलताना ती शेंडी राखली. (त्या तिन्हींतला एकच डोळा मऊ असतो, कोंब त्यातूनच बाहेर येतो. एवढा हिशोबी बागुलबुवा मी दुसरा पाहिला नाही.)

आता श्रीफळ. इथे खरी गंमत आहे. अमरकोश हा साधारण दीड हजार वर्षांपूर्वीचा संस्कृत शब्दकोश. त्यात श्रीफल हे नाव बेलफळाला दिलंय! नारळ तिथे वेगळा येतो, नालिकेर म्हणून. म्हणजे ही पदवी आधी बेलाची होती, नंतर नारळाकडे आली. का? माझा अंदाज सांगतो, अंदाजच समजा. नारळ महिनोन्‌महिने टिकतो, लांबवर नेता येतो, बाजारात कधीही मिळतो. रोज कुणाचा तरी सत्कार करायचा तर बेलफळं कुठून आणणार?

आणि आता तो टोचणारा नारळ. आपल्याकडे कुणी निघालं की हातात नारळ ठेवायची रीत आहे. सासरी जाणाऱ्या मुलीच्या ओटीत नारळ, प्रवासाला निघालेल्याला शकुनाचा नारळ. रिकाम्या हाताने कुणाला पाठवायचं नाही, हा त्यातला भाव. 'नारळ देणे' म्हणजे निरोप देणे, आणि त्यावरूनच कामावरून काढणे. 'हाकलला' म्हणायला जड जातं, म्हणून भाषेने तिथे नारळ ठेवला.

माझ्या टीममधल्या एका मुलाला गेल्या वर्षी नारळ मिळाला. सकाळी लॅपटॉप लॉगिन होईना, दुपारी पर्सनल मेलवर पत्र आलं. तीन वर्षं रात्री-बेरात्री प्रॉडक्शन सांभाळणारा मुलगा. निरोपाचा चहासुद्धा नाही. तेव्हा मला वाटलं, आपण हा वाक्प्रचार उगाच वापरतोय, नारळाचा अपमान करतोय. ज्या रीतीतून तो आला तिथे निदान कुणीतरी उंबऱ्यापर्यंत सोडायला यायचं, डोळ्यांत बघायचं.

भाषेची ही झाकाझाकी नारळ फोडतानाही दिसते. देवळात जुनी माणसं 'नारळ फोडा' म्हणत नाहीत, 'वाढवा' म्हणतात. फुटणं, संपणं हे शब्द अशुभ, म्हणून बांगडीही 'वाढवते' आणि रात्री दुकानही 'वाढवतात'. राजकारण्यांना मात्र ही भीती नाही. त्यांच्या प्रचाराचा नारळ बिनधास्त 'फुटतो', आणि निकालानंतर 'खोबरं तिकडे चांगभलं' सुरू होतं. जोतिबाच्या डोंगरावरची आरोळी पक्षांतरासाठी इतकी चपखल बसेल, असं कुणाला वाटलं असेल?

आमचा तो मुलगा आता दुसरीकडे लागलाय. जॉइनिंगच्या आदल्या दिवशी त्याच्या आजीने त्याच्या हातात नारळ ठेवला. तो हसला, म्हणाला, "आजी, हा नको गं, एकदा मिळालाय." आजीला काही कळलं नाही. तिने शेंडी नीट केली आणि तो बॅगेत टाकला.

पुढच्या भागात सुपारी. एका पूजेच्या फळाचा खुनाच्या कंत्राटाशी संबंध कसा आला, ते बघू. भेटू!