बारोलो: वडिलांची पिंपे, मुलांची वाइन

इटलीच्या वायव्येला, पिएमोंते प्रांतातल्या आल्बा शहराच्या दक्षिणेस लांगे नावाच्या टेकड्या पसरल्या आहेत. तिथल्या अकरा गावांच्या हद्दीत नेब्बिओलो या एकाच जातीच्या काळ्या द्राक्षांपासून होणारी वाइन म्हणजे बारोलो. बारोलो, ला मोर्रा, कास्तिल्योने फाल्लेत्तो, सेर्रालुंगा आणि मोन्फोर्ते ही त्यांतली मुख्य गावे. नेब्बिओलोला अंकुर लवकर फुटतो आणि घड पिकतात मात्र सगळ्यांच्या शेवटी. म्हणून भरपूर ऊन मिळणारे दक्षिणेकडचे उतार तिच्यासाठी राखलेले असतात आणि बार्बेरा, दोल्चेत्तो यांसारख्या जाती उरलेल्या जागेत लावल्या जातात. नेब्बिओलोच्या वाइनचा रंग फिका असतो. या जातीतली रंगद्रव्ये हवेशी संयोग होऊन लवकर विटतात, त्यामुळे वाइन काही वर्षांतच विटकरी छटेकडे झुकते. तुरटपणा मात्र जबर असतो. कोवळ्या बारोलोचा घोट घेतला की सुपारी चावल्यासारखी जीभ आवळते.

हा तुरटपणा मऊ व्हावा म्हणून जुनी पद्धत ठरली होती. साल-बियांसह चिरडलेली द्राक्षे मोठ्या उभ्या पिंपांत आंबवायची, वर तरंगून येणारा सालींचा थर फळ्यांनी दाबून रसात बुडवून ठेवायचा, आणि महिना-दीड महिना तसाच राहू द्यायचा. मग वाइन स्लाव्होनियाच्या ओक लाकडाच्या, हजारो लिटरच्या पिंपांत भरून वर्षानुवर्षे मुरवायची. 1966 साली बारोलोला कायदेशीर संरक्षण मिळाले, तेव्हा तीन वर्षे मुरवणे आणि त्यांतली दोन वर्षे लाकडात ठेवणे सक्तीचे झाले. अनेक घरांत वाइन त्याहून कितीतरी अधिक काळ पिंपात राही. चांगल्या हातांतून उतरलेली अशी बाटली पंधरा-वीस वर्षांनी उघडली की डांबर, वाळलेला गुलाब आणि ओल्या मातीचा वास येतो, आणि तुरटपणा जाऊन नुसता कस उरतो. पण चांगले हात थोडे होते. पिंपे पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली, नीट न धुतलेली असत. त्यांतली वाइन हवा लागून उतरे, आंबूस होई. द्राक्षेही पुष्कळदा अर्धवट पिकलेली असत. दोष पद्धतीत नव्हता, तो अस्वच्छ लाकडात आणि गरिबीत होता. पुढच्या भांडणात हा फरक बराच काळ हरवला.

गरिबी खरोखरच मोठी होती. लांगेतला शेतकरी क्वचितच स्वतःची वाइन बाटलीत भरी. तो आल्ब्याच्या बाजारात द्राक्षे विकायचा, आणि काढलेले फळ परत नेऊन उपयोग नाही हे जाणणारा व्यापारी भाव पाडून घ्यायचा. अनेक गावांची द्राक्षे एकत्र करून बारोलो बनवायचे काम मोठ्या पेढ्यांचे होते. बाटलीवर नाव त्यांचेच. आल्ब्याचेच लेखक बेप्पे फेनोल्यो यांच्या ‘ला मालोरा’ या 1954 सालच्या कादंबरीत इथल्या कुळांचे हलाखीचे जिणे आले आहे. नुतो रेवेल्ली यांनी या भागातल्या शेतकऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या हकिकती 1977 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. तोवर तरुण मुले आल्ब्यातल्या फेरेरोच्या चॉकलेट कारखान्यात आणि तुरीनच्या फियाटमध्ये नोकरीला लागली होती. मागे म्हातारी माणसे उरली आणि कित्येक उतार पडीक झाले.

बदलाची सुरुवात मात्र ज्यांना पुढे बंडखोर म्हटले गेले त्यांच्या आधीच झाली होती. 1961 मध्ये प्रुनोत्तो पेढीच्या बेप्पे कोल्ला यांनी मोन्फोर्तेतल्या ‘बुस्सिया’ या एकाच जागेची द्राक्षे वेगळी ठेवून बाटलीवर त्या जागेचे नाव छापले. त्याच वर्षी व्हिएत्ती घराण्याने ‘रोक्के’ या जागेची बाटली वेगळी काढली. ब्राझीलमधली नोकरी सोडून 1965 मध्ये परतलेल्या रेनातो रात्ती यांनी ला मोर्रात वाइन करायला घेतली आणि बारोलोच्या उत्तम जागांचा नकाशाच तयार केला. कुठल्या उतारावरची द्राक्षे कशी, हे गावच्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ होते. रात्ती यांनी ते कागदावर आणले. शेजारच्या बार्बारेस्कोत आंजेलो गाया यांनी उत्पादन घटवून दर्जा वाढवण्याचा आणि फ्रेंच ओकच्या 225 लिटरच्या लहान पिंपांचा, म्हणजे ‘बारिक’चा, प्रयोग सुरू केला. लुइजी वेरोनेल्ली हे वाइन-समीक्षक तर शेतकऱ्यांनी स्वतःची द्राक्षे स्वतः बाटलीत भरावीत म्हणून वर्षानुवर्षे लिहीत होते.

या पार्श्वभूमीवर 1950 साली जन्मलेले ला मोर्राचे एलिओ अल्तारे 1976 मध्ये मित्रांबरोबर फ्रान्समधल्या बरगंडीला गेले. पैसे नव्हते, म्हणून रात्री गाडीतच काढल्या. तिथे त्यांना आपल्याइतकीच, कधी कधी आपल्याहून कमी जमीन असलेले शेतकरी सुखात राहताना दिसले. त्यांच्या तळघरांत स्वच्छता होती, लहान पिंपे होती, आणि बाटलीवर नाव शेतकऱ्याचे होते. घरी येऊन अल्तारेंनी वडिलांना बदल सुचवले. वडिलांनी नकार दिला. 1983 मध्ये मुलाने यांत्रिक करवत घेऊन तळघरातली जुनी पिंपे कापून टाकली. वडिलांनी मुलाचे नाव मृत्युपत्रातून काढले. 1985 मध्ये वडील वारले, तेव्हाही दोघांत बोलणे झालेले नव्हते. एलिओंना आपल्याच घरची जमीन भावंडांकडून विकत घ्यावी लागली. हा प्रसंग इतका सांगितला गेला की त्याची दंतकथा झाली. पण तो अशा माणसांच्या घरात घडला होता, ज्यांच्याकडे पिंपांशिवाय दुसरे धन नव्हते. वडिलांच्या बाजूनेही तो पाहायला हवा.

गावाला करवतीहून मोठा धक्का बसला तो द्राक्षबागेत. तरुण मंडळी जुलै-ऑगस्टमध्ये हिरवे घड कापून जमिनीवर टाकू लागली. वेलीवर घड कमी राहिले की उरलेल्यांत साखर आणि रंग चांगला भरतो, हे तत्त्व महाराष्ट्रातल्या कुठल्याही द्राक्ष बागायतदाराला नवे नाही; खाण्याच्या द्राक्षांची विरळणी याच कारणाने होते. पण ज्यांनी उपासमार पाहिली होती त्या म्हाताऱ्यांना पिकणारे फळ मातीत टाकणे हे पाप वाटले. काही घरांत मुलांनी ही कापणी लपूनछपून केली. बारोलोच्या दर्जात झालेल्या सुधारणेचे सर्वांत मोठे श्रेय याच कामाला द्यावे लागते. पिंपांचा वाद अधिक गाजला, एवढेच.

तळघरातल्या बदलांमागेही विचार होता. सालींतला रंग आंबवण्याच्या पहिल्या चार-सहा दिवसांतच बहुतेक उतरतो. त्यानंतर मद्यार्क वाढतो तसा बियांतला कडवट तुरटपणा जास्त येत राहतो. म्हणून नव्या पिढीने साली महिनाभर ठेवण्याऐवजी आठवडा-दीड आठवड्यात काढायला सुरुवात केली. काहींनी फिरत्या आडव्या टाक्या आणल्या, ज्यांत रस आणि साली सतत घुसळल्या जातात. तापमानावर नियंत्रण आले. मग वाइन बारिकमध्ये जाई. लहान पिंपात वाइनच्या मानाने लाकडाचा स्पर्श जास्त, लाकडातून झिरपणारी हवाही जास्त. या हवेने रंग पक्का होतो आणि तुरटपणा लवकर मऊ पडतो. त्याबरोबर नव्या, आतून भाजलेल्या लाकडाचा व्हॅनिला, लवंग, कॉफीसारखा वासही उतरतो. ग्लासात ओतल्यावर ही वाइन गडद दिसे, तिला फळांचा आणि लाकडाचा मोकळा वास येई, आणि चार-पाच वर्षांतच ती पिता येई. उपाहारगृहांना अशीच वाइन हवी होती.

अल्तारेंच्या भोवती इतरही जमले: मोन्फोर्तेचे दोमेनिको क्लेरिको, ला मोर्राचे रोबेर्तो वोएर्झिओ, कास्तिल्योने फाल्लेत्तोचे एन्रिको स्काविनो. लुचानो सान्द्रोने यांची वाट वेगळी होती. ते एका मोठ्या पेढीत तळघर सांभाळत. 1977 मध्ये त्यांनी बारोलोतल्या नामवंत ‘कान्नुबी’ टेकडीवर जमिनीचा लहानसा तुकडा घेतला आणि 1978 ची पहिली वाइन घरच्या गॅरेजमध्ये केली. किआरा बोस्किस यांच्या घराण्याने 1981 मध्ये पिरा ही जुनी, वारस नसलेली वाइनरी घेतली. किआरांनी 1990 पासून ती आपल्या हाती चालवली. त्या काळी लांगेत तळघराचा कारभार पाहणारी स्त्री जवळपास नव्हतीच. ही मंडळी महिन्यातून अनेकदा एकत्र बसत, लेबल झाकून एकमेकांच्या वाइन चाखत आणि दोष तोंडावर सांगत. शेजाऱ्यापासून तळघर लपवणाऱ्या गावात हे मोकळेपण नवे होते, आणि त्यातूनच सगळे लवकर शिकले.

1986 साली, लांगे ज्यात येतो त्या कुनेओ जिल्ह्यात स्वस्त वाइनमध्ये मिथेनॉल मिसळल्याचे उघड झाले. वीसहून अधिक माणसे दगावली, काहींची दृष्टी गेली. इटालियन वाइनची निर्यात कोसळली. त्या पडझडीत, आपल्या नावावर आणि आपल्या जमिनीवर बाटली विकणाऱ्या लहान उत्पादकावर गिऱ्हाइकाचा भरवसा बसू लागला. त्याच सुमारास मार्क दे ग्राझिया या व्यापाऱ्याने या तरुणांच्या वाइन एकत्र करून अमेरिकेत नेल्या. तिथे त्यांना ‘बारोलो बॉइज’ हे नाव पडले, किआरा बोस्किससकट. 1990 च्या दशकात भाव चढत गेले. ‘वाइन स्पेक्टेटर’ या अमेरिकी मासिकाने 2000 सालच्या पिएमोंतेच्या हंगामाला शंभरपैकी शंभर गुण दिले. उष्ण वर्षाच्या त्या भरघोस वाइनपेक्षा 1999 आणि 2001 च्या बाटल्या अधिक टिकाऊ निघाल्या, असे आता बहुतेक जाणकार मानतात.

विरोधही तेवढाच ठाम होता. बारोलो गावचे बार्तोलो मास्कारेल्लो (1926–2005) तरुणपणी फॅसिझमविरोधी लढ्यात होते. चार जागांची द्राक्षे एकत्र करून एकच बारोलो करायची, हा वडिलांचा शिरस्ता त्यांनी सोडला नाही. उतारवयात चाकाच्या खुर्चीत बसून ते लेबले हाताने रंगवत. 1999 च्या वाइनच्या काही बाटल्यांवर त्यांनी ‘नो बारिक, नो बेर्लुस्कोनी’ असे लिहिले. त्यांच्या मते परदेशी चवीपुढे मान तुकवणारी वाइन आणि दूरचित्रवाणीच्या जोरावर चालणारे बेर्लुस्कोनींचे राजकारण एकाच कुळातले होते. जुझेप्पे रिनाल्दी यांनी पशुवैद्यकी सोडून घरची वाइनरी सांभाळली आणि जुन्या उभ्या पिंपांतच वाइन आंबवली. जोव्हान्नी कोन्तेर्नो यांची ‘मोन्फोर्तिनो’ वर्षानुवर्षे मोठ्या पिंपातच मुरत राहिली. या वाइनना त्या काळी बाजारात मान कमी होता. आज त्यांच्या बाटल्या सर्वांत महाग विकल्या जातात.

2000 नंतर दोन्ही बाजू जवळ आल्या. नव्या लाकडाचा वास वर्षे लोटली तरी फळावर स्वार राहतो, आणि ला मोर्राची वाइन कुठली, सेर्रालुंगाची कुठली हे त्याखाली ओळखू येत नाही, हे बारिकवाल्यांनाच जाणवले. त्यांनी नव्या पिंपांचे प्रमाण घटवले, पुष्कळांनी मोठी पिंपे परत आणली, साली पुन्हा तीन-चार आठवडे ठेवायला सुरुवात केली. जुन्या पद्धतीच्या घरांनी पिंपे बदलली, तळघरे स्वच्छ केली, घडांची विरळणी स्वीकारली. लाकडाचा नियमही सैल झाला: आता मुरवण्याच्या 38 महिन्यांपैकी 18 लाकडात पुरतात. 2010 मध्ये जागांची नावे आणि सीमा कायद्याने ठरल्या. रात्ती यांच्या नकाशामागचा हेतू त्याने पुरा झाला.

म्हणून आज तिशी-चाळिशीतल्या पिढीच्या बाटल्या शेजारी ठेवून चाखल्या तर घराणे कोणत्या पक्षाचे होते हे सांगणे कठीण जाते. सिल्व्हिया अल्तारे वडिलांचा वारसा चालवतात, मार्ता आणि कार्लोत्ता रिनाल्दी त्यांच्या वडिलांचा. दोन्हीकडची वाइन आता बरीच फिकी, सुगंधी आणि लाकडाच्या वासापासून मोकळी आहे. वेर्दुनो गावात बुर्लोत्तो घराण्याचे फाबिओ अलेस्सांद्रिया ‘मोन्विल्येरो’ या जागेची द्राक्षे देठांसकट पायांनी तुडवतात, आणि ती नाजूक वाइन बारोलोप्रेमींच्या यादीत आता अगदी वर आहे. चाखताना फरक दिसतो तो मातीचा. ला मोर्रा आणि बारोलोच्या निळसर चिकणमातीवरची वाइन लवकर मऊ आणि सुगंधी होते. सेर्रालुंगा आणि मोन्फोर्तेच्या वालुकाश्मयुक्त, अधिक जुन्या मातीवरची कणखर निघते आणि जास्त वर्षे मागते. उन्हाळेही तापले आहेत. नेब्बिओलोची काढणी पूर्वी ऑक्टोबरअखेर, कधी नोव्हेंबरातही होई. ती आता अनेकदा सप्टेंबरअखेरीसच सुरू होते. द्राक्षे पिकतील की नाही ही चिंता संपली, ती फार पिकू नयेत ही चिंता आली.

या यशाची किंमत जमिनीच्या भावात दिसते. लांगेचा हा परिसर 2014 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला, आणि नामवंत उतारांचे भाव हेक्टरी वीस लाख युरोंच्या पुढे गेले. 2016 मध्ये व्हिएत्ती ही वाइनरी जमिनींसह अमेरिकेतल्या क्राउझे कुटुंबाने विकत घेतली. पगारातून पैसे साठवून सान्द्रोने यांनी कान्नुबीवर जमीन घेतली, तसे करणे आज नोकरदाराला शक्य नाही. वारशाने बाग न मिळालेले तरुण लांगेत भाड्याने जमीन करतात, किंवा उत्तर पिएमोंतेतल्या गात्तिनारा, बोका, लेस्सोना या भागांकडे वळतात. तिथेही नेब्बिओलोच होते, आणि गिरण्यांच्या नोकऱ्यांमुळे विसाव्या शतकात बहुतेक बागा सोडून दिल्या गेल्या होत्या. त्या उतारांवरचे रान तोडून पुन्हा वेली लावण्याचे काम आता चालू आहे.