पंचगंगेचा आकडा आणि ब्राउझरचा इतिहास
पावसाळ्यात मंगळवार पेठेत एकच प्रश्न असतो : राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती? इशारा ३९ फुटांवर, धोका ४३ वर. २०१९ मध्ये आकडा ५५ च्या पुढे गेला. तो पडद्यावर आपोआप बदलायचा, तर साधन कोणते?

२००५ साली ‘एजॅक्स’ हे नाव रूढ झाले. तोवर बहुधा संपूर्ण पानच पुन्हा मागवावे लागे. २०११ मध्ये वेबसॉकेटचे मानक आले आणि सर्व्हर न विचारताच बोलू लागला. त्याच वर्षी आलेखांसाठी डी-थ्री, २०१३ मध्ये फेसबुकचे रिअ‍ॅक्ट. शेअर बाजाराला हा सरंजाम शोभतो. नदी मात्र इंचाइंचाने चढते. तिला दर पाच मिनिटांची साधी विचारणा पुरते. शिवाय पुरात वीज जाते, नेटवर्क मंदावते. म्हणून आकडा आधी एचटीएमएलमध्येच यावा, आलेख मागाहून.