कोलार सुवर्णक्षेत्र

कर्नाटकाच्या कोलार जिल्ह्यातील, आता बंद असलेल्या सोन्याच्या खाणींचा समूह. बेंगळुरूच्या पूर्वेस सुमारे १०० किमी.वर आंध्र प्रदेशाच्या सीमेलगत. आधुनिक खाणकामाचा काळ १८८० ते २००१. चित्रपटामुळे ‘केजीएफ’ (कोलार गोल्ड फील्ड्स) हे नाव मराठी घराघरांत पोचले. त्यातली कथा मात्र काल्पनिक असून या खाणींच्या इतिहासाशी तिचा फारसा संबंध नाही.

भूविज्ञान : सोने आहे ते दक्षिणोत्तर सुमारे ८० किमी. लांब आणि जेमतेम काही किलोमीटर रुंद अशा सुभाजा खडकांच्या पट्ट्यात. हा खडक मुळात लाव्हाच. पण सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वीचा. जमिनीत खोल गाडला जाऊन, दाब आणि उष्णतेने त्याचे अँफिबोलाइट झाले, थर मुडपले, उभे राहिले. त्यांच्या भेगांतून खोलवरचे तप्त द्रव वर चढले आणि क्वॉर्ट्झबरोबर सोने मागे ठेवून गेले. ‘चँपियन रीफ’ ही अशीच एक अरुंद, जवळजवळ उभी शीर. खाणींचे बहुतेक वैभव तिच्यावर उभे होते.

मग आपल्याकडे सोने का नाही, असा प्रश्न बारामती-इंदापूरकडच्या वाचकाला इथे पडणे साहजिक आहे, कारण त्याच्या पायाखालीही लाव्हाचाच खडक आहे. पण दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. त्याचे थर पसरले तसेच आडवे राहिले, कधी खोल गाडले गेले नाहीत. विहीर खणताना मुरुमात सापडणाऱ्या पांढऱ्या गारगोट्या म्हणजे लाव्हातील वायूच्या पोकळ्यांत नंतर साचलेली सिलिका. तिच्यात सोने नसते; गारगोटी दिसली म्हणून कोणी खड्डा वाढवू नये. तांब्याचेही तेच. बारामती तालुक्यात कऱ्हा-नीरा संगमावरील सोनगाव येथे ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आली आहे. त्या काळी या भागात येणारे तांबे बाहेरचे होते. कोलारच्या पश्चिमेकडील सल्फाइडयुक्त शिरांत चाल्कोपायराइट हे तांब्याचे खनिज थोडेफार आढळते, पण तांबे हे तिथले मुख्य उत्पादन कधीच नव्हते.

इतिहास : या भागात सोन्यासाठी पुरातन काळापासून खणलेले खड्डे होते. सतराव्या शतकात कोलार शहाजीराजे भोसले यांच्या कर्नाटकातील जहागिरीत मोडत असे. सुपे आणि इंदापूर हे परगणेही त्यांच्याच जहागिरीतले. १८०२ मध्ये म्हैसूर राज्याच्या सीमेची मोजणी करताना लेफ्टनंट जॉन वॉरन याने सोन्याबद्दल ऐकले आणि बक्षीस जाहीर केले. गावकऱ्यांनी गाड्या भरून माती आणली, त्याच्यादेखत धुतली आणि तळाशी उरलेले कण दाखवले. म्हणजे शोधाचे श्रेय वॉरनच्या नावावर असले, तरी सोने कुठे आहे हे गावाला आधीच ठाऊक होते. १८७० च्या दशकात न्यूझीलंडच्या युद्धातून आलेल्या लॅव्हेल या आयरिश सैनिकाने खाणकामाचा परवाना मिळवला, पण भांडवलाअभावी तो विकला. १८८० पासून लंडनच्या जॉन टेलर अँड सन्सकडे कारभार आला. पहिली काही वर्षे पैसा नुसता मातीत गेला. गाशा गुंडाळायची वेळ आली असता १८८५ च्या सुमारास मुख्य शीर हाती लागली.

१९०२ मध्ये शिवनसमुद्र येथील जलविद्युत केंद्रातून सुमारे दीडशे किलोमीटर तारा ओढून खाणींना वीज आणली गेली. बेंगळुरूच्या रस्त्यांवर दिवे लागले ते त्यानंतर, १९०५ मध्ये.

विजेच्या बळावर खाण सुमारे ३.२ किमी. खोल गेली. तळाच्या खडकाचे तापमान ६० अंश सेल्सियसच्या पुढे. थंड केलेली हवा खाली सोडल्याशिवाय काम अशक्य. दाबाखालचा खडक अचानक फुटून माणसे गाडली जात, आणि जे वाचत त्यांची फुप्फुसे सिलिकाच्या धुळीने निकामी होत. कामगार मुख्यतः तमिळभाषक दलित. त्यांच्या चाळी एकीकडे आणि गोऱ्या अधिकाऱ्यांचे बंगले-क्लब दुसरीकडे. बोटांचे ठसे घेण्याच्या सक्तीविरुद्ध १९३० मध्ये मोठा संप झाला. स्वातंत्र्यानंतर रिपब्लिकन पक्षाचे आमदारही इथून निवडून गेले.

खाणीच्या खोलीचा एक उपयोग मुंबईने करून घेतला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकापासून येथे विश्वकिरणांचे प्रयोग केले; १९६५ मध्ये जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह त्यांनी वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंच्या खुणा टिपल्या. सोन्याखेरीज या खाणीने दिलेली ही सर्वांत मोलाची गोष्ट.

अखेर : १९५६ मध्ये म्हैसूर सरकारने, १९६२ मध्ये केंद्राने खाणी ताब्यात घेतल्या, १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स लिमिटेड स्थापन झाली. तोपर्यंत चांगले खनिज संपत आले होते. सुरुवातीला टनाला ४० ग्रॅमहून अधिक सोने मिळे, शेवटी ३ ग्रॅमच्या आसपास. तोटा अटळच होता. खरी चूक झाली ती पर्यायी रोजगार वेळेत उभा न करण्यात. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाण बंद झाली, तोवर सुमारे ८०० टन सोने निघाले होते. खालचे बोगदे पाण्याने भरले. हजारो लोक रोज रेल्वेने बेंगळुरूला कामाला जातात. वर उरले आहेत ते सायनाइड प्रक्रियेनंतर टाकलेल्या गाळाचे १३ ढिगारे, सुमारे ३.३ कोटी टनांचे. त्यांतील उरलेसुरले सोने काढण्याच्या प्रस्तावाला कर्नाटक सरकारने २०२४ मध्ये संमती दिली.