‘रॉक मशीन’च्या तीन ध्वनिफिती आणि स्वतःच्या गाण्याचा हट्ट

#थ्रेड

मुंबईतील रॉक संगीताचा आरंभीचा इतिहास फारच थोडा ध्वनिमुद्रित झाला. नंदू भेंडे यांचेच पाहा. आत्माराम भेंडे यांचे हे चिरंजीव, कवी निसीम इझिकेल यांचे भाचे. अलेक पदमसींच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्यांनी जूडास साकारला, ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ या वाद्यवृंदात गायले, आणि १९७८ मध्ये पुलंच्या ‘तीन पैशाचा तमाशा’तून तो सूर मराठी रंगभूमीवर आणला. ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ची एकमेव तबकडी मात्र १९८१ मध्ये आली, वृंद विखुरल्यानंतर, तीतही बरीचशी गाणी इतरांचीच.

यात कलावंतांचा दोष थोडा. महाविद्यालयीन महोत्सवांतील श्रोत्यांना ओळखीची विलायती गाणी हवी असत, तीही जशीच्या तशी. स्वतःची रचना वाजवणे म्हणजे हुर्यो ओढवून घेणे.

१९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘रॉक मशीन’चा प्रारंभही अशाच अनुकरणातून झाला. महेश तिनईकर गिटारवर, मार्क सेल्विन बास गिटारवर. पुढे गायक म्हणून उदय बेनेगल आले. १९८८ मध्ये त्यांनी ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ काढली, ती स्वरचित गाण्यांची. १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’. धोबी तलावच्या रंगभवनात ज्या पिढीने उसन्या गाण्यांवर माना हलवल्या, तीच आता या मुंबईकर पोरांची गाणी तोंडपाठ म्हणू लागली. माझ्या मते खरी क्रांती हीच. ध्वनिफितींचा खप हा दुय्यम विषय.

तरीही या दोन्ही ध्वनिफिती ऐकताना अमेरिकी हार्ड रॉकची छाया जाणवतेच, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. बहुधा ती त्यांनाही जाणवली असावी. १९९३ मध्ये त्यांनी गाजलेले नाव टाकून ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले. जमलेले नाव मोडणे व्यवहाराच्या दृष्टीने वेडेपणाच! १९९५ ची ‘इंडस क्रीड’ ही ध्वनिफीत मला तिन्हींत सरस वाटते. तिच्यात घाई नाही, सिद्ध करण्याचा अट्टाहासही नाही.

पण तोवर हिंदी पॉपची लाट आली होती. इंग्रजीत गाणाऱ्या वृंदाला बाजारात जागा उरली नाही आणि १९९७ मध्ये ते पांगले. बेनेगल व जयेश गांधी यांनी पुढे ‘आल्म्स फॉर शांती’ उभारले. रंगभवनही रुग्णालयालगतच्या शांतता क्षेत्राच्या नियमाने मुके झाले.

२०१० मध्ये वृंद पुन्हा जमला. नवी ध्वनिफीत ‘इव्हॉल्व्ह’ २०१२ मध्ये आली, आधीचीनंतर तब्बल १७ वर्षांनी.