यूट्यूबची कमाई: पैसा कुठून येतो, हातात किती पडतो आणि हिसाब कसा ठेवावा

आपल्याकडे आता प्रत्येक मोहल्ल्यात एखादा तरी चॅनलवाला सापडतो. कोणी नात म्हणतो, कोणी दहावीचं गणित शिकवतो, एखादी आपा घरच्या सांदणांचे आणि बिर्याणीचे व्हिडिओ टाकते. घरातल्या मोठ्यांचा प्रश्न मात्र ठरलेला असतो: यातून खरंच पैसे मिळतात का? मिळतात. पण बहुतेक लोक ज्याला यूट्यूबची कमाई समजतात तो जाहिरातीचा पैसा हा अनेक मार्गांपैकी एक आहे. मराठी किंवा दखनी बोलणाऱ्या छोट्या चॅनलसाठी तो बहुधा सगळ्यात लहान असतो.

जाहिरातीच्या कमाईत वाटा हवा असेल तर चॅनलला यूट्यूबच्या पार्टनर प्रोग्रॅममध्ये घ्यावं लागतं. त्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या बारा महिन्यांत ४,००० तास पाहिलं गेलेलं असणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यू, अशी अट आहे. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीतले ५५ टक्के चॅनलवाल्याला मिळतात, शॉर्ट्सच्या वाट्यातले ४५ टक्के. व्ह्यूचा ठरलेला भाव नसतो. जाहिरातदार बोली लावतात, आणि प्रेक्षक कोणत्या देशातला आहे, विषय कोणता आहे, सण-खरेदीचा हंगाम आहे की नाही, यावर रक्कम बदलते. म्हणून 'लाख व्ह्यूचे इतके' असं छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. खात्यात १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत. त्याआधी १० डॉलर झाले की गूगल घरच्या पत्त्यावर टपालाने पिन पाठवतं. चाळीत किंवा वाडीत पत्ता अर्धवट लिहिला की हे पाकीट हरवतंच, तेव्हा पोस्टमनला सांगून ठेवलेलं बरं.

प्रेक्षकांकडून थेट पैसा

दुसरा मार्ग म्हणजे ज्यांना तुमचं काम आवडतं त्यांनीच पैसे देणं. यूट्यूबवर याची तीन रूपं आहेत: महिन्याची मेंबरशिप, लाइव्ह चालू असताना दिला जाणारा सुपर चॅट, आणि व्हिडिओखालचं सुपर थँक्स. यासाठीची अट हलकी आहे. ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत तीन व्हिडिओ, आणि वर्षात ३,००० तास किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यू. कर आणि आयफोनच्या ॲप स्टोअरचा कट वजा जाता उरलेल्याचे ७० टक्के तुम्हाला मिळतात. फेसबुकवर 'स्टार' असतात, एका स्टारमागे अमेरिकेचा एक सेंट.

समजा १०० जणांनी महिना ५० रुपयांची मेंबरशिप घेतली. प्रेक्षकांच्या खिशातून ५,००० गेले, तुमच्या हातात साडेतीन हजारांच्या आतच येतील. तेच १०० जण तुमच्या रविवारच्या ऑनलाइन क्लासची फी म्हणून यूपीआयने ५० रुपये देत असतील तर पाचच्या पाच हजार तुमचे. माझ्या मते शिकवणाऱ्याने, स्वयंपाक दाखवणाऱ्याने किंवा शिवणकाम करणाऱ्या बहिणीने व्हिडिओ फुकट ठेवावा आणि पैसे क्लासचे, ऑर्डरचे, नोट्सचे घ्यावेत. शंभर ओळखीचे गिऱ्हाईक लाखभर अनोळखी व्ह्यूंपेक्षा जास्त भरवशाचे असतात.

आखातात असलेले आपले कोकणातले लोकही यात येऊ शकतात. जानेवारी २०२३ मध्ये एनपीसीआयने सौदी अरेबिया, यूएई, कतार, ओमानसह दहा देशांचे मोबाइल नंबर एनआरई-एनआरओ खात्याशी जोडून यूपीआय वापरायला परवानगी दिली.

प्रेक्षकांचे फोन नंबर त्यांच्या परवानगीने आपल्याकडे लिहून ठेवा. २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉक बंद केलं तेव्हा लाखोंचे फॉलोअर असलेली पोरं एका रात्रीत रिकामी झाली. फॉलोअर कंपनीकडे होते, त्यांच्याकडे एकाचाही पत्ता नव्हता.

बयानच्या क्लिपा

आपल्या समाजात सगळ्यात जास्त गडबड इथे होते, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. मोठ्या आलिमांच्या बयानातले दोन मिनिटं कापायचे, मागे नशीद लावायची, वर मशिदीचा फोटो, झाला चॅनल. व्ह्यू भरपूर येतात. पण पार्टनर प्रोग्रॅमला अर्ज केला की 'रीयूज्ड कंटेंट' म्हणून नकार येतो, कारण त्यात तुमचं स्वतःचं काही नसतं. ज्यांनी रेकॉर्डिंग केलं त्यांनी तक्रार केली तर कॉपीराइट स्ट्राइक मिळतो, आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले की चॅनल बंद होऊ शकतं. कंटेंट आयडीचा क्लेम ही वेगळी गोष्ट आहे. त्यात व्हिडिओ राहू शकतो, पण जाहिरातीचा पैसा मूळ मालकाकडे जाऊ शकतो. "दीनचं काम आहे, त्यात कॉपीराइट कसला" असं मुलं म्हणतात. फुकट वाटत असाल तरी विचारून घेणं हा अदब आहे. आणि त्यावर कमाई करणार असाल तर दुसऱ्याचा माल विकल्यासारखंच झालं. बयान करणाऱ्यांची किंवा त्यांच्या इदाऱ्याची लेखी इजाजत घ्या, आणि क्लिपसोबत आपलं मराठी भाषांतर, खुलासा, आपला आवाज घाला.

जाहिरात कोणती लागेल?

कुरआनच्या धड्याआधी डेटिंग ॲपची जाहिरात आली की घरचे हादरतात. जाहिरातीची कमाई घ्यावी की नाही याबद्दल उलेमांची मतं वेगवेगळी आहेत. ते आपल्या मुफ्ती साहेबांना विचारा, मी शिक्षक आहे. यंत्रणा कशी चालते तेवढं सांगतो. नोव्हेंबर २०२० पासून यूट्यूब पार्टनर नसलेल्या चॅनलवरही जाहिराती लावू शकतं, आणि त्यातला पैसाही चॅनलला देत नाही. म्हणजे 'आम्ही मॉनेटाइज करत नाही' म्हटल्याने जाहिराती थांबतात असं नाही. उलट पार्टनर झालेल्याला ॲडसेन्समध्ये डेटिंगसारखे काही संवेदनशील प्रकार बंद करता येतात, आणि हवं तर एखाद्या व्हिडिओवरची जाहिरात बंद ठेवता येते. गाळणी शंभर टक्के नाही, पण काहीतरी हातात राहतं.

मकतबच्या लहान मुलांसाठी व्हिडिओ करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं: 'मेड फॉर किड्स' म्हणून नोंदवलेल्या व्हिडिओवर कॉमेंट, मेंबरशिप, सुपर चॅट चालत नाहीत आणि जाहिरातीही कमी भावाच्या लागतात. तिथे कमाईचा हिशोब धरूच नये.

चंदा आणि कमाई

चॅनलवर मदरशासाठी किंवा एखाद्या रुग्णासाठी अपील केलं आणि क्यूआर कोड स्वतःचा लावला, तर पुढे कोणता रुपया कशाचा हे सांगता येत नाही. जकात देणाऱ्याला तर ती हकदारापर्यंत पोचली का हे कळायलाच हवं. खाती वेगळी ठेवा. चंदा थेट ट्रस्टच्या खात्यात जाऊ द्या. परदेशी पासपोर्ट असलेल्यांचं दान घ्यायला ट्रस्टला एफसीआरएची नोंदणी लागते. भारतीय नागरिकाने परदेशात कमावलेल्या पैशातून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम त्यात मोडत नाही. तुमच्या क्लासची फी हे दान नव्हेच.

कंपनीने पैसे किंवा वस्तू देऊन व्हिडिओ करायला सांगितला तर तो पेड आहे हे व्हिडिओत स्पष्ट सांगावं लागतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. एकाच कंपनीकडून वर्षात २०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या वस्तू आल्या आणि तुम्ही ठेवून घेतल्या तर त्यावर १० टक्के टीडीएसचा नियम १ जुलै २०२२ पासून आहे.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त राहून जातो तो अमेरिकेचा फॉर्म, डब्ल्यू-८बीईएन. तो भरला नाही तर गूगल साऱ्या जगातून आलेल्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कर कापू शकतं. पॅन टाकून भरला की भारताशी असलेल्या करारानुसार फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या वाट्यावर १५ टक्के. भारतात ही कमाई आयकर रिटर्नमध्ये दाखवावी लागते, आणि वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणीचं सीएला विचारावं. मुलगा-मुलगी १८ वर्षांखालची असेल तर ॲडसेन्सचं खातं आई-वडिलांच्या नावाने जोडावं लागतं. पैसे पालकांच्या बँकेत येतात, तेव्हा कोणत्या महिन्यात किती आले याची वही पहिल्या दिवसापासून मुलाच्याच हातून लिहून घ्या.