ठिणगी की पेट्रोल?

बंद पडलेल्या गाडीच्या बॉनेटमध्ये डोके घालून उभी असलेली माणसे आता रस्त्यावर फारशी दिसत नाहीत. 1960 च्या दशकातल्या पुण्यात हे रोजचेच दृश्य होते. आमच्या काकांकडे अँबॅसॅडर होती आणि तिची देखभाल करायला एक वयस्कर मिस्त्री येत. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो, त्यामुळे त्यांना चार गोष्टी शिकवण्याची खुमखुमी मला फार. ते हसून ऐकून घेत. एकदा मात्र म्हणाले, "साहेब, गाडी का मेली ते मागाहून बघू. कशी मेली ते आधी सांगा. आचके देत मेली तर पेट्रोल. दिवा मालवल्यासारखी मेली तर करंट."

मी ते ऐकले आणि विसरलो.

पेट्रोलच्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण, ते दाबून धरणारा सिलिंडर आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. सिलिंडरचा दाब सहसा हळूहळू कमी होतो, एका क्षणात नाहीसा होत नाही. म्हणून धावती गाडी बंद पडली की संशयित दोनच उरतात, पेट्रोल आणि ठिणगी. ही जोडी मोटारीइतकीच जुनी आहे. ऑगस्ट 1888 मध्ये बर्था बेंझ पतीला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन, त्यांनी बनवलेली गाडी मानहाइमहून फोर्झहाइमला घेऊन निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. विजेची तार उघडी पडली, तेव्हा मोज्याच्या पट्ट्याने ती झाकली, असे सांगतात. मोटारीच्या पहिल्याच लांबच्या प्रवासात हे दोन्ही दोष हजर होते.

त्यातही ठिणगीने संशोधकांना जास्त छळले. 1902 मध्ये जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातल्या गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा स्पार्क प्लग तयार केला. त्याला बॅटरी लागत नसे. पण हँडल मारून इंजिन सावकाश फिरवताना त्याची ठिणगी अशक्त पडे. अमेरिकेत ओहायोतल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी आणि कॉइल वापरून वेगळी रचना केली. 1910 च्या सुमारास ती कॅडिलॅक गाड्यांत आली आणि 1912 च्या कॅडिलॅकमध्ये त्यांचा विजेवर चालणारा स्टार्टरही आला.

केटरिंग यांची युक्ती साधी होती. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा बॅटरीचा करंट कॉइलमधून वाहतो आणि तिच्यात चुंबकीय क्षेत्र साठते. पॉइंट उघडले की करंट तुटतो, ते क्षेत्र कोसळते आणि बारा व्होल्टच्या जागी हजारो व्होल्ट उभे राहतात. पॉइंटवर ठिणगी उडून ते जळू नयेत आणि करंट झटकन तुटावा, हे कंडेन्सरचे काम. मग डिस्ट्रिब्युटरमधला रोटर तो दाब ज्याच्या त्याच्या प्लगला वाटून देतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतात. तासाभरात साडेतीन लाखांहून अधिक वेळा. त्यांच्यामधली फट असते जेमतेम 0.4 मिलिमीटर. एवढ्याशा फटीवर जगातल्या बहुतेक मोटारी सहा दशके चालल्या.

आमच्या काकांची अँबॅसॅडर त्यातलीच एक. तिचे 1489 घनसेंटिमीटरचे इंजिन इंग्लंडच्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी सिरीज' कुळातले. त्याच मापाचे इंजिन 1955 मध्ये एमजीए या स्पोर्ट्‌स कारमध्ये बसले होते. तेच वाढवून 1798 घनसेंटिमीटरचे केले आणि 1962 मध्ये एमजीबी आली. 1980 पर्यंत अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांहून अधिक एमजीबी बाहेर पडल्या. आपली घरगुती अँबॅसॅडर आणि इंग्रज तरुणांची लाडकी एमजीबी नात्याने बहिणी लागतात, हे कळले तेव्हा मला मोठी गंमत वाटली होती.

1973 मध्ये मी नोकरीसाठी कॉव्हेंट्रीला होतो आणि तिथे 1966 सालची एक सेकंडहँड एमजीबी घेतली. हिवाळ्यात ती बंद पडू लागली. उभी असताना छान चाले. मोकळ्या रस्त्यावर पाय हलका ठेवून जात असले की मध्येच शांत होई. कडेला थांबून चावी फिरवली की लगेच सुरू! एका गॅरेजवाल्याने प्लग, कॉइल, कंडेन्सर बदलले, दोन्ही कार्ब्युरेटर साफ केले. त्याच्याकडे ती कधीच बंद पडली नाही. माझे महिन्याचे पैसे मात्र संपले.

मार्च 1974 मध्ये माझी पत्नी भारतातून यायची होती. लग्नानंतर ती प्रथमच देशाबाहेर पडत होती. तिला आणायला हीथ्रोला निघालो आणि गाडी वाटेत तीनदा बंद पडली. मी दीड तास उशिरा पोचलो. ओळखीचे कोणी नाही, अंगावर पातळशी शाल, आणि ही बॅग धरून उभी. ती काही बोलली नाही. ते मला जास्त लागले.

परतताना गाडी पुन्हा शांत झाली. मागून ट्रक येत होते. मी कशीबशी ती कडेला घेतली आणि कार्ब्युरेटरच्या नावाने बोटे मोडू लागलो. तेव्हा ती म्हणाली, "अहो, हा काटा आधीच शून्यावर पडला होता. गाडी तर पुढे जातच होती."

तो इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा. त्या गाडीत तो कॉइलच्या करंटचे ठोके मोजत असे. पेट्रोल संपत आले असते तर गिअरमधल्या चाकांनी इंजिन फिरवत ठेवले असते आणि काटा वेगाबरोबर सावकाश उतरला असता. तो एकदम पडला, म्हणजे कॉइलचा करंटच तुटला होता. दिवा मालवल्यासारखी मेली! मिस्त्री मला तिथे, त्या थंडीत, आठवले.

घरी आल्यावर डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली. पॉइंट नीट मिटलेले राहतील असे इंजिन हाताने फिरवून ठेवले आणि कॉइल व पॉइंट यांच्यामध्ये एक छोटा बल्ब जोडला. बल्ब लागला. डिस्ट्रिब्युटरला कार्ब्युरेटरकडून एक बारीक नळी येते. गाडी हलक्या पायाने चालू असली की त्या नळीतल्या ओढीने पॉइंटची तबकडी थोडी फिरते आणि ठिणगी जरा लवकर पडते. मी नळी सोडवून तोंडाने हवा ओढली. पत्नीने टॉर्च धरला होता.

"विझला," ती म्हणाली.

तबकडीला जाणारी बोटभर वायर आतून तुटलेली होती, बाहेरून धडधाकट. तिथे अगदी बारीक तारांची लवचिक वायर लागते. पूर्वी कोणीतरी घरातल्या दिव्याची ताठ वायर लावून काम भागवले होते. गाडी उभी असली की तुटलेली टोके टेकत, रस्त्यावर तबकडी फिरली की सुटत. नवी वायर काही पेन्सना मिळाली.

1970 च्या दशकापासून पॉइंटची जागा इलेक्ट्रॉनिक्सने घेतली. 2014 मध्ये अँबॅसॅडरचे उत्पादनही थांबले. आजची गाडी आपला दोष संगणकाला सांगते. तरी क्रँकचा सेन्सर गेला की ती दिव्यासारखी विझते आणि पेट्रोलचा पंप थकला की आचके देते. निदानाचा पहिला प्रश्न बदललेला नाही.

1977 मध्ये पुण्याला आलो तेव्हा मिस्त्रींना मुद्दाम भेटून सारी हकिकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि विचारले, "काटा कोणी बघितला?"

"बायकोने."

"मग साहेब, चावी वहिनींकडेच द्या."